रिकाम्या झाडावरचा मकॉ

मला जंगलाची हौस कधीच नव्हती. मिशिगनमध्ये, ट्रॉयमधल्या आमच्या घरामागे हरणं येतात आणि मी लावलेले ट्युलिप कळ्यांसकट खाऊन जातात. खारी बर्ड फीडरला उलट्या लटकतात. एका वर्षी तर गॅरेजमध्ये एका रकूनबाईने बाळंतपण उरकलं होतं. एवढं वन्यजीवन मला पुरे होतं. त्यामुळे ॲन आर्बरहून मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, या समरला आम्ही पेरूला जातोय, ॲमेझॉनच्या जंगलात. तुम्ही दोघं पण चला ना," तेव्हा डास, ताप आणि संडास अशा तीन शब्दांत मी उत्तर देणार होते. तेवढ्यात शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "जाऊ या."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ह्यांना प्रवास म्हणजे शिक्षा. भारतात जायचं म्हटलं तरी "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर ठरलेलं. आणि आता एकदम ॲमेझॉन! मी फोनवर हात ठेवून विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना नीट? नायगारा नाही, ॲमेझॉन." ते म्हणाले, "अगं ऐकलं की. जाऊ या म्हणतोय ना." मला वाटलं, नातीवरची माया. ती नऊ वर्षांची आहे, तिने शाळेत स्लॉथ या प्राण्यावर प्रोजेक्ट केलं होतं आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कशावर बोलतच नव्हती. जावयाला सुट्टी मिळाली नाही. म्हणून आम्ही चौघं निघालो. मुलगी, नात, हे आणि मी.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ह्यांनी सगळी नोकरी गाड्यांच्या हेडलाइट्सवर काढली. म्हणजे त्यांचं डिझाइन करण्यात. गाडीचा प्रकाश रस्त्यावर कुठे पडला पाहिजे आणि समोरच्याच्या डोळ्यांवर का पडता कामा नये, यावर हे दोन तास बोलू शकतात आणि बोललेले आहेत, माझ्या भाचीच्या लग्नात, नवऱ्या मुलाशी. रिटायर झाल्यावरही ते सवयीने रस्त्यावरच्या गाड्यांना मार्क देत असत. गेल्या हिवाळ्यापासून मात्र सगळ्या गाड्या नापास व्हायला लागल्या. "हल्ली हे लाइट बनवणाऱ्यांना अक्कल नाही. नुसता भगभगाट. समोरून गाडी आली की आंधळा होतो माणूस." म्हणून मग त्यांनी अंधार पडल्यावर गाडी चालवणं सोडलं. महाराष्ट्र मंडळाचे संध्याकाळचे कार्यक्रम सोडले. मी म्हटलं, जाऊ दे, सोनाराला दुसऱ्याचा दागिना कधी आवडलाय. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काही वर्षांपूर्वी काढून झाले होते, आणि त्यानंतर तर त्यांना इतकं लख्ख दिसायला लागलं होतं की माझ्या किचनच्या कपाटावरची धूळ त्यांनी मला बोट फिरवून दाखवली होती. डोळ्यांचा विषय आमच्या घरात तेव्हाच संपला होता.

तर आम्ही पोचलो. आधी विमान, मग दुसरं विमान, मग लांबलचक लाकडी मोटरबोट. नदी दुधाळ चहाच्या रंगाची आणि दोन्ही बाजूंना हिरवं, हिरवं, हिरवं. लॉजमधल्या आमच्या खोलीला तीनच भिंती होत्या. चौथ्या भिंतीच्या जागी सरळ जंगल. मी मुलीला म्हटलं, "पैसे पूर्ण घेतले आणि भिंती तीनच दिल्या?" ती म्हणाली, "आई, दॅट्स द होल पॉइंट." प्रत्येकाला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले. ह्यांना बूट घालताना जरा चाचपडायला झालं, तेव्हा मी वयाला बोल लावला. जेवायला भात होता, म्हणजे काळजी मिटली. माझ्या बॅगेत मेतकूट आणि लसणाची चटणी होती. भात आणि मेतकूट असलं की मराठी माणूस कुठेही तग धरतो.

आमचा गाइड तिथलाच, तिशीचा, हसरा. खांद्यावर तिपाईवरचा टेलिस्कोप घेऊन तो पुढे चालायचा आणि मधेच थांबून वर बोट दाखवायचा. पहिल्याच सकाळी तो थांबला आणि कुजबुजला, "स्लॉथ!" आम्ही माना वर केल्या. वर फक्त पानं होती. त्याने विचारलं, "यू सी?" मी म्हटलं, "येस, येस." हे म्हणाले, "ब्यूटिफुल." मुलगी म्हणाली, "ओ येस." नात म्हणाली, "आय डोन्ट सी इट."

आता खरं सांगायचं तर मलाही काही दिसलं नव्हतं. पण आपल्याकडे कोणी एवढ्या हौसेने दाखवलं तर "नाही दिसलं" म्हणायची पद्धत नाही. दाखवणाऱ्याचा हिरमोड होतो. आमच्या लग्नात गुरुजींनी आम्हाला अरुंधतीचा तारा दाखवला होता, भर दुपारी, कार्यालयाच्या खिडकीतून, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीच्या दिशेने. "दिसली का अरुंधती?" गुरुजींनी विचारलं. हे म्हणाले, "दिसली." मी म्हटलं, "दिसली." मागे उभी असलेली माझी आत्यासुद्धा म्हणाली, "दिसली हो, दिसली," आणि तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. देवळात तासभर रांगेत उभं राहून पुढच्या माणसाचा नुसता शर्ट बघून बाहेर आलो तरी आपण म्हणतो, दर्शन छान झालं. हा आपला शिष्टाचार आहे. आमची नात अमेरिकेत जन्मलेली, तिच्यापर्यंत तो पोचलेला नाही.

पण तिच्या त्या एका वाक्याचा आम्हाला फायदा झाला. गाइडने टेलिस्कोप लावला, तिला एका मुळावर उभं केलं, फांदीमागून फांदी मोजत तिची नजर वर नेली, आणि ती इतक्या जोरात किंचाळली की मीसुद्धा धावले. खरंच होता. हिरवट केसांचा एक गोळा, आणि त्या गोळ्याने अगदी सावकाश एक हात उचलून स्वतःची काख खाजवली. रविवारी दुपारी जेवून पडलेले ह्यांचे दोन भाऊ मला आठवले. मी इतकी हसले की मला जंगल आवडायला लागलं. हे मागे हात बांधून उभे होते. "तुम्ही बघा ना यातून," मी म्हटलं. "मी बघितला मघाशीच," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाइडने आम्हाला एक वठलेलं झाड दाखवलं. त्याच्या ढोलीत माकडांचं एक कुटुंब दिवसभर झोपतं आणि आवाज झाला की तोंडं बाहेर काढून बघतं. टेलिस्कोपमधून बघितलं तर तीन तोंडं एकावर एक रचलेली, आणि डोळे! पेढ्याएवढे गोल, पिवळसर तपकिरी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आम्ही त्यांच्या घरी वेळ न विचारता आलोय. मी बघून "काय डोळे आहेत गं!" म्हटलं, मुलीने बघून तेच म्हटलं, नातीने तर दोनदा बघितलं. मग ह्यांची पाळी आली. ह्यांनी वाकून डोळा लावला आणि म्हणाले, "वा! काय डोळे आहेत!"

मला परत बघायचं होतं, म्हणून मी ह्यांच्यामागून लगेच डोळा लावला. समोर झाडाची साल होती. साल आणि एक पान. ढोली नाही, तोंड नाही, काही नाही. मला वाटलं, माकडं आत गेली असतील, पण ढोलीसुद्धा आत जाते की काय? गाइड आला, त्याने बघितलं आणि हसत विचारलं, "हू मूव्ह्ड इट?" नात ओशाळून म्हणाली, "सॉरी, आय किक्ड द लेग. आजोबांच्या टर्नच्या आधी."

सगळे हसले. हेही हसले. मी हसले नाही. हे साल बघत होते आणि डोळ्यांचं कौतुक करत होते. आम्ही काय म्हणालो ते त्यांनी ऐकलं होतं आणि तेवढंच म्हटलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवायला लागलं की थांबत नाही. चिखलाच्या पायऱ्या उतरताना हे माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी का होईना, प्रेम उतू चाललं. लिमाच्या एअरपोर्टवर मेनू माझ्याकडे सरकवून "तूच सांग काहीतरी" म्हणाले होते. घरी पेपर बंद करून बातम्या फोनवर ऐकायला लागले होते. आणि ते हेडलाइट. सगळ्या जगातल्या हेडलाइट बनवणाऱ्यांची अक्कल एकाच हिवाळ्यात कशी जाईल? मला कळायला हवं होतं. पण ज्याने आयुष्यभर प्रकाशाचं काम केलं त्याने प्रकाशाबद्दल तक्रार केली तर बायकोने तरी काय समजायचं!

माझ्या मनात जे आलं ते आलं, कारण माझे सासरे, अण्णा, शेवटची वर्षं आंधळे होते. काचबिंदू. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ते भिंतीला हात लावून चालायचे आणि भिंतीवर त्यांच्या हाताचा एक काळसर पट्टा उमटला होता. एकदा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बारीक झालास." परत येताना विमानात हे रडले होते. तेवढंच मी ह्यांना रडताना बघितलं आहे. आणि तेव्हा ते म्हणाले होते, हे वडिलांकडून मुलाकडे येतं म्हणे.

मिशिगनमध्ये दृष्टी जाणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. गाडी गेली की पाय गेले. दूध आणायला गाडी, डॉक्टरकडे गाडी, मित्राकडे चहाला गाडी. मी स्वतः हायवेवर कधी चालवली नाही, बर्फात तर नाहीच. ह्यांची नजर गेली तर ट्रॉयचं घर गेलं, मुलीच्या बेसमेंटमध्ये राहायला जाणं आलं, आणि मुख्य म्हणजे ह्यांचा तो ताठ कणा मोडणं आलं. ते सगळं मी त्या झाडाखाली उभ्या उभ्या बघून घेतलं. तिथे माकडं होती, त्यांच्याकडे परत बघायचं राहूनच गेलं.

तरी मला खात्री करायची होती. दुपारी आम्ही एका तळ्यात गेलो. नदीने जुनी वाट सोडली की मागे असं चंद्रकोरीसारखं तळं राहतं, स्थिर, काळ्या पाण्याचं. तिथे मोठाली पाणमांजरं राहतात, माणसाएवढ्या लांबीची, आणि ती बघायला आम्ही वल्ह्यांच्या बोटीतून निघालो होतो. मुलगी आणि नात पुढच्या बाकावर, आम्ही दोघं मागे. काठावर एक निष्पर्ण झाड होतं, फांद्या अगदी मोकळ्या, मागे आभाळ. अशा झाडांवर मकॉ, म्हणजे तिकडचे मोठे, लांब शेपटीचे पोपट बसतात, असं गाइड म्हणाला होता. मी बोट दाखवलं आणि म्हटलं, "अहो, तो बघा मकॉ. वरच्या फांदीवर. लालभडक."

ह्यांनी वर बघितलं. डोळे किंचित बारीक केले. मग चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हणाले, "हो हो. काय रंग आहे!"

झाडावर काही नव्हतं. कावळा नव्हता, चिमणी नव्हती, पान नव्हतं. ते हसू बघून मला रडू फुटेल असं वाटलं आणि त्याच वेळी ह्यांना तळ्यात ढकलून द्यावं असंही वाटलं. मी हळू आवाजात म्हटलं, "अहो, झाड रिकामं आहे."

ह्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या सुमारास. आधी थोडं धूसर होतं. मग वाढत गेलं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय सांगणार आहे? अण्णांना काय सांगितलं होतं, ऐकलं नाहीस का तू?"

"म्हणून चेकअप कॅन्सल केलात? मला म्हणालात, डॉक्टर सुट्टीवर आहे!"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा ह्यांच्या घराण्याचा बाणा आहे. सासरेबुवाही पार कपाटावर आपटेपर्यंत कोणाला बोलले नव्हते. मी विचारलं, "मग इथे कशाला आलात? न दिसायला घर काय वाईट होतं?"

तेव्हा हे म्हणाले, "दिसतंय तोवर हिच्याबरोबर एकदा बघून घ्यावं, म्हटलं." आणि त्यांनी पुढच्या बाकावरच्या नातीच्या पाठीकडे हनुवटी केली. "उशीरच झाला जरा."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी ह्यांचा हात धरला. बोटीत, सगळ्यांदेखत. आमच्या पिढीला हे सोपं नाही.

माझा आवाज मला वाटला तेवढा हळू नसावा, कारण मुलगी वळून बसली होती. "बाबा? व्हॉट्स गोइंग ऑन?" ह्यांनी नेहमीसारखं "काही नाही गं" म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "सांगता की सांगू?" मग त्यांनी सांगितलं. मुलीचे डोळे भरले. नात मात्र आजोबांकडे बघत राहिली, मनापासून गोंधळून.

"आजोबा, इफ यू कुडन्ट सी इट, व्हाय डिडन्ट यू जस्ट से सो?"

तिला अरुंधती कुठून सांगायची?

गाइडने मुलीला हळूच विचारलं, काय झालं. तिने इंग्रजीत सांगितलं. त्याने मान हलवली, वल्हं आडवं ठेवलं आणि म्हणाला, आपण थांबू. पाणमांजरांना चौकशी करायची फार सवय आहे, तीच येतील. मग आम्ही थांबलो. लांब काठाशी पाणी हललं. "यू सी?" गाइडने ह्यांना विचारलं.

ह्यांनी बघितलं. "नो," हे म्हणाले. "आय डोन्ट सी."

थोडं अलीकडे पाणी हललं. "नाउ?"

"नो."

ह्यांच्या तोंडून इतक्या वेळा "नाही" मी लग्नाच्या बोलणीतसुद्धा ऐकलं नव्हतं. आणि गाइड काही हिरमुसला नाही, त्याने फक्त पुन्हा वाट बघितली. मग बोटीच्या अगदी जवळ फुस्स असा आवाज झाला आणि पाण्यातून एक डोकं सरळ वर आलं, मग दुसरं, मग चार-पाच. मिशा, छोटे कान, आणि प्रत्येकाच्या गळ्यावर पांढुरका डाग, कोणी दूध सांडल्यासारखा. सोसायटीत नवीन भाडेकरू आल्यावर गॅलरीतून जशा माना काढतात, तशा माना काढून त्यांनी आमच्याकडे बघितलं, फुसफुसत आपसात चर्चा केली, आणि एकाने आमच्यासमोरच एक मासा कडाकडा चावून खाल्ला.

"गळ्यावर डाग आहे," हे म्हणाले. "पांढरा. प्रत्येकाचा वेगळा आहे का गं?"

"हो," नात म्हणाली. "एव्हरी वन इज डिफरंट! यू कॅन सी दॅट?"

"दिसतोय," हे म्हणाले. हे "दिसतोय" तरी खरं होतं. मी ह्यांच्याकडे बघत होते म्हणून मला माहीत आहे.

त्यानंतरचे दिवस ह्यांनी वसूल केले. ज्याने वर्षभर "दिसला, दिसला" म्हटलं तो माणूस आता दर दोन मिनिटांनी "नाही दिसला" म्हणायला लागला. गाइडने टेलिस्कोप लावायचा, ह्यांनी नाही म्हणायचं, मग नातीने कानाशी बसून सांगायचं: आजोबा, पोपट आहे, त्याने फळ फेकलं, तो दुसऱ्याचं फळ घेतोय. हे डोळे मिटून ऐकायचे. एका पहाटे नदीकाठच्या मातीच्या कड्यावर शेकडो पोपट आणि मकॉ माती खायला उतरले. त्यांचा कलकलाट असा की बोलणं ऐकू येईना. हे म्हणाले, "लाल आणि निळं दिसतंय. हलणारं. एवढं पुष्कळ आहे." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते, आणि मला मात्र ते ऐकवत नव्हतं. तो सगळा प्रवास मी हसतमुखाने केला आणि आतून एकच गोष्ट घोकत होते, काचबिंदू नको, दुसरं काहीही असू दे. देवाला मी कधी एवढं मोघम मागणं मागितलं नव्हतं.

परत आल्या आल्या मुलगी आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, प्रेशर मोजलं, आत बघितलं, पुन्हा बघितलं. मी कोपऱ्यात पर्स छातीशी धरून बसले होते. डॉक्टर खुर्ची मागे सरकवून म्हणाली की प्रेशर नॉर्मल आहे. मागची नस उत्तम आहे. काचबिंदूचं काही चिन्ह नाही. मोतीबिंदू काढून जे भिंग बसवलं त्याच्यामागचा पातळ पडदा धुरकट झालाय, पुष्कळ जणांचा होतो. लेसरने त्यात छोटी खिडकी पाडायची. पाच मिनिटांचं काम. दुखत नाही.

मग हे हळूहळू म्हणाले, "म्हणजे बल्ब चांगला आहे. पुढची काच धुरकट झालीय."

डॉक्टरने हसून म्हटलं, "एक्झॅक्टली." तिला काय माहीत ती कोणाशी बोलतेय! आयुष्यभर लोक ह्यांच्याकडे तक्रार घेऊन यायचे की हेडलाइट गेला, आणि आयुष्यभर हे त्यांना सांगायचे, अहो, आधी काच पुसून बघा. स्वतःच्या वेळेला मात्र हा इंजिनीअर काच न पुसता वर्षभर मूग गिळून बसला, आणि बल्ब गेला म्हणून मनातल्या मनात सुतक पाळत राहिला.

माझा जीव भांड्यात पडला. अगदी आवाज झाला असेल. लेसर पुढच्या आठवड्यात झालं, खरोखर पाच मिनिटांत. बाहेर पार्किंग लॉटमध्ये आल्यावर मी ह्यांना जे बोलायला सुरुवात केली ते आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि मग रडायला लागल्यावर कुठल्याच भाषेत नाही. एवढे महिने! पाच मिनिटांसाठी! मुलगी गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. हे शांतपणे उभे होते आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट मोठ्याने वाचत होते. एक झाली की दुसरी. पार पलीकडच्या रांगेतल्यासुद्धा.

रविवारी मुलीने ट्रिपचे फोटो आमच्या टीव्हीवर लावले. हे सोफ्याच्या कडेवर बसून सगळं पहिल्यांदाच बघत होते. स्लॉथ आला, कड्यावरचे मकॉ आले. "एवढं सगळं होतं तिथे?" म्हणाले. मग ढोलीतली ती तीन तोंडं आली. ह्यांनी चष्मा काढला, कारण त्यांना आता लांबचं बघायला तो लागत नाही, आणि म्हणाले, "वा! काय डोळे आहेत!" नातीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

तरी माझा विश्वास एकदम बसला नाही, हे कबूल करते. घरात पूर्वी झालेली गोष्ट मनातून लगेच जात नाही. नोव्हेंबर आला, मागच्या अंगणातल्या मेपलची पानं झडून गेली. एका सकाळी हे फीडरमध्ये दाणे भरून डेकवर उभे होते. मी दारातून बोट दाखवलं आणि म्हटलं, "अहो, तो बघा कार्डिनल. वरच्या फांदीवर. लालभडक."

ह्यांनी वर बघितलं. डोळे बारीक केले नाहीत. नजर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, टोकापर्यंत जाऊन परत आली.

"कुठे?"

"तो काय. नीट बघा."

"अगं, नाहीये तिथे काही. एक वाळकं पान लटकलंय, आणि मागे शेजाऱ्यांच्या पोराची पतंगाची दोरी अडकलीय. पक्षी नाही."

मी दोरी बघायला डेकवर गेले. बराच वेळ शोधली. मला काही ती दिसली नाही.

"दिसली का?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.